बारा ते चार

१

सुदेशला सुट्टी कशी मिळाली हे रुचिताने विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. पण ज्या बाईच्या नवऱ्याची सुट्टी चार वेळा कापली गेली, ती पाचव्या वेळेला ‘मिळाली’ म्हटल्यावर आंबोळ्यांचं पीठ भिजवायला घेते, चौकशी करत बसत नाही.

चार वेळा. डोहाळजेवणाला येणार होता, जहाज निघालं. बाळंतपणाला येणार होता, माणसं कमी पडली. बारशाला तर बॅग भरून गेटपर्यंत आलेला, तिथून परत बोलावला. चौथ्यांदा सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, तेव्हा कोणी कारणसुद्धा सांगितलं नाही. आणि दर वेळेला बिल्डिंगमधल्या बायका काय म्हणायच्या? “अगं, नेव्हीत आहे तो. देशाची सेवा आहे. अभिमान वाटायला पाहिजे तुला.” अभिमान होता की. पण समृद्धीला ताप चढल्यावर रिक्षा बघायला अभिमान काय खाली जातो?

तर सुदेश आला, पंधरा दिवसांसाठी. शहाडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मंगळवारी संध्याकाळी त्याने पाऊल टाकलं, तेव्हा दहा महिन्यांची समृद्धी आपल्या बापाकडे भाजीवाल्याकडे बघावं तशी बघत होती. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला, एक बोट पुढे केलं, आणि तिने ते पकडलं. रुचिता स्वयंपाकघरात गेली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, “बूट आधी बाहेर काढा.”

बुधवारी सकाळी साडेअकराला तिने त्याला कोथिंबीर आणायला पाठवलं. कोपऱ्यावरची गाडी, जाऊन येऊन दहा मिनिटं. बारा वाजले. डाळीला फोडणी देऊन झाली, साडेबारा झाले. ती चिडून दार उघडून बघते तर सुदेश बाहेर पॅसेजमध्येच उभा.

जिन्याच्या तोंडाशी, जाळीच्या खिडकीखाली, कोपऱ्यातल्या फरशीवर. पाय थोडे फाकलेले, पाठ ताठ, एक हात मागे. दुसऱ्या हातात कोथिंबिरीची पिशवी.

“अहो? कोणाची वाट बघताय?”

“आत हो तू,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “मी येतो चारला.”

“चारला? जेवण?”

 रुचिताला वाटलं, चेष्टा करतोय. इतक्या महिन्यांनी आलाय, करू दे. तिने दार लोटून घेतलं.

चार वाजता तो आत आला. कोथिंबीर काळी पडलेली होती, आणि ओली.

२

गुरुवारी जेवताना बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना सुदेशने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि बाहेर जाऊन त्याच फरशीवर उभा राहिला. शुक्रवारी तेच, शनिवारीही तेच.

“सवय आहे गो त्याची,” सासूबाई कलावती म्हणाल्या. त्या गुहागरकडच्या, मुलाबद्दल बोलताना त्यांचा आवाज आपोआप वर चढायचा. “जहाजावर बारा ते चार ड्यूटी असते त्याची. अंगात शिस्त भिनलीय माझ्या पोराच्या. तुझा भाऊ बघ, दहा वाजेपर्यंत लोळतो.”

“माझ्या भावाचं राहू दे, आई. शिस्त जहाजावर. सुट्टी घेऊन घराच्या दारात ड्यूटी कोण करतं?”

समोरच्या सुमतीकाकू पिशवी घेऊन त्याच्या बाजूने गेल्या आणि दारातून आत डोकावून म्हणाल्या, “सोसायटीला सांगते, वॉचमनचा पगार वाचला म्हणून! बोलत नाही पण तुझा वॉचमन. मी म्हटलं, सुदेश, कसा आहेस रे? नुसता बघतोय. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या मागे.”

रुचिता हसली. हसून झाल्यावर तिला राग आला. पंधरा दिवसांत रोजचे चार तास जहाजालाच! उरलं काय तिच्या वाट्याला? संचिता वन्संच्या घरी जायचं होतं, समूला घेऊन नदीवर जायचं होतं, आणि भांडायचंही होतं, वर्षभराची भांडणं साठवून ठेवलेली तिने.

शनिवारी सुदेश आत आल्यावर ती फडकं घेऊन ती फरशी पुसायला गेली. दोन पावलांएवढं पाणी साचलेलं. वर पाइप नाही, बाहेर ऑक्टोबरचं ऊन रखरखत होतं. तिने पुसलं. उठून उभी राहिली तर तेवढंच पाणी. पुन्हा पुसलं, पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदा तिने पुसलं नाही.

फडकं पिळून तिने दोरीवर टाकलं. रविवारी सकाळी काढायला गेली तर ते पापडासारखं कडक झालेलं, आणि वर पांढरी भुकटी. शहाडला पाणी म्हणजे नदीचं. वास येतो, पिवळं असतं, पण खारं? खारं कधीच नव्हतं.

३

आणि वेळ सरकत होती, हे तिच्या रविवारी लक्षात आलं.

बुधवारी तो चारला आत आला. गुरुवारी चार दहा, शुक्रवारी साडेचार, शनिवारी पाच. रविवारी पावणेसहा झाले तरी दार वाजेना. आला तेव्हा ओठ निळसर, पापण्यांवर पांढरं काहीतरी सुकलेलं.

“एवढा उशीर?”

“रिलीव्हर लेट आला,” सुदेश म्हणाला, जसं काही हे रोजचंच.

“कोण रिलीव्हर? कसला रिलीव्हर? आपल्या पॅसेजमध्ये?”

तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावून घटाघटा पीत राहिला. दुसरा मागितला, तिसरा मागितला.

सोमवारी तिने ठरवलं, घरातच थांबायचं नाही. नवरात्र चालू होतं, समूला फ्रॉक घ्यायचा होता. तिघं कल्याणला गेले, स्टेशनबाहेरच्या एका दोन मजली दुकानात. ती पिवळा फ्रॉक बघत होती. “अहो, हा कसा वाटतो?” म्हणून वळली तर नवरा नाही.

तो दुकानाच्या जिन्यात उभा होता. कोपऱ्यात, पाठ ताठ. त्याच्या पायाखालची लादी ओली होत होती, हळूहळू, कोणीतरी खालून शाई ओतावी तशी.

“ताई, मिस्टरांना सांगा ना बाजूला व्हायला,” दुकानदार म्हणाला. “गिऱ्हाईक घसरेल.”

रुचिताने त्याचा दंड धरून ओढला. काखेत समू, एका हातात पिशवी, आणि भर दुकानात नवऱ्याला ओढतेय. लोक बघत होते. तो हलला नाही. जोर लावून उभा होता असंही नाही. अंग ढिलं होतं, फक्त पाय त्या लादीचे झालेले. आणि तो डुलत होता. अगदी थोडा, डावीकडे, उजवीकडे. जिना हलत असल्यासारखा.

साडेसहाला तो सुटला. तेवढा वेळ ती कापडाच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसली, समूला बिस्किटं चारत, दुकानदाराचे टोमणे ऐकत. घरी येताना रिक्षात समू त्याच्या मांडीवर होती. शहाडचा पूल गेल्यावर सुदेशने खाली बघितलं, आणि अगदी सभ्यपणे रुचिताला विचारलं,

“ही कोणाची?”

 “तुमची!” ती इतक्या जोरात ओरडली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

“हां,” सुदेश म्हणाला. “हां. समू.” पण नाव आठवायला त्याला वेळ लागला, आणि तो वेळ तिने मोजला.

४

मंगळवारी दुपारी, सुदेश बाहेर उभा असताना, रुपालीवहिनींचा फोन आला. त्यांचा नवरा साकेत सुदेशच्याच जहाजावर. त्या डोंबिवलीला राहायच्या आणि दोघींचं आठवड्यातून एकदा बोलणं व्हायचं, बहुतेक वेळ नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडण्यात.

“काय गं, सुदेशभाऊ आलेत म्हणे? मजा आहे बाबा!”

“कसली मजा, वहिनी. रोज बारा ते चार जिन्यात उभे राहतात.”

रुपालीवहिनी हसल्या नाहीत. पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

“वहिनी?”

“साकेतने काल फोन केलेला,” त्या म्हणाल्या. “जहाज बंदराला लागलंय म्हणून रेंज होती. म्हणाला, दुपारी मागच्या डेकवर कोणी जात नाही. सुदेशची जागा आहे ना तिथे, ड्यूटीची. बारा ते चार. म्हणाला, तिथे कोणीतरी उभं असतं.”

“कोणीतरी म्हणजे? ह्यांच्या जागी कोणीतरी असणारच ना!”

“तेच तर. सुदेशभाऊंनी आपल्या जागी कोणाचं नाव दिलंय, ठाऊक आहे का तुला?”

“नाही.”

“दौलतचं.”

रुचिताला ते नाव ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं, आणि हातातला मोबाइल गार लागला. दोन वर्षांपूर्वी, लग्न नवीन होतं, सुदेश एकदाच फोनवर रडलेला. सोबतचा पोरगा होता, वादळात डेकवरून गेला. सापडला नाही.

“वहिनी, जहाजावर जिवंत माणसं नव्हती का?” तिचा आवाज फाटला. “तुमच्या साकेतभाऊंना काय झालेलं? बारशाच्या वेळी फोनवर माझ्या हातचं जेवण मागत होते ना? पंधरा दिवस ह्यांच्या जागी उभे राहिले असते तर झिजले असते?”

“माझ्यावर नको ना चिडूस, रुचिता. त्याची पण सुट्टी होती, माझ्या पोटाच्या ऑपरेशनसाठी.” त्या म्हणाल्या. “ती पण कापली. मी माझ्या भावाला घेऊन गेले.”

  दोघींकडे राग होता, पण तो टाकायला जागा नव्हती.

५

त्या संध्याकाळी सुदेश साडेसातला आत आला. रुचिताने त्याला जेवायला वाढलं, सासूबाईंना देवीच्या आरतीला पाठवलं, आणि समोर बसली.

“दौलत,” ती म्हणाली.

त्याने घास खाली ठेवला.

“फॉर्मवर एक ओळ असते,” तो बोलला. शब्द एकेक करून येत होते. “तुझ्या जागी ड्यूटीला कोण? नाव आणि सही. नाव नाही तर सुट्टी नाही. मी सगळ्यांना विचारलं गं. प्रत्येकाचं काही ना काही होतं. आमच्या ड्यूटीच्या बोर्डवर दौलतचं नाव अजून आहे. पुसायचं नाही, असं आम्ही पोरांनीच ठरवलेलं. मायेने. मग हळूहळू त्याची मस्करी झाली. कोणी कामाला नाही म्हटलं की, जा, दौलतला सांग. त्या दिवशी पण कोणीतरी बोललं, लिही दौलतचं नाव. मी लिहिलं. सगळे हसले. मी पण हसलो.”

“आणि सही?”

“फॉर्म टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेलेलो. आलो तर सही होती. मला वाटलं, पोरांपैकी कोणीतरी केली. साहेब नवीन. त्यांनी फॉर्म बघितला, बोर्ड बघितला, नाव जुळलं, झालं.”

“मग इथे काय? तो तिथे उभा आहे ना तुमच्या जागी?”

“आमचा जहाजावरचा रिवाज आहे. जो आपल्यासाठी उभा राहतो, त्याची ड्यूटी आपण उलट भरून द्यायची.” तो ताटाकडे बघत होता. “आणि जागा सोडायची नाही. रिलीव्हर दहा मिनिटं आधी येतो, समोर उभा राहतो, मगच पहिला सुटतो. कोणी आलंच नाही तर पहिला उभाच. त्या दिवशी कोथिंबीर घेऊन वर आलो तर कोपऱ्यात एक जण. पाठमोरा. मला वाटलं, सुमतीकाकूंकडे आलाय. ‘कोण पाहिजे?’ करत मी समोर गेलो. समोर गेलो मी, रुचे. कळलं का?”

“तोंड बघितलंत त्याचं?”

“कॉलर बघितली. आमच्या गणवेशाची.”

“आणि आता तो रोज उशिरा येतो.”

“रोज.”

“आणि एक दिवस येणारच नाही.”

 समू पाळण्यात उठून कुरकुरायला लागली, तेव्हा सुदेशने मान वळवून तिकडे बघितलं. ह्या वेळेला नाव त्याला आठवलं नाही. रुचिताला ते त्याच्या डोळ्यांतच दिसलं. तो शोधत होता आणि सापडत नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. तिला संताप आला. मेल्यावर तरी माणूस सुटतो, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं.

६

बुधवारी, सुदेश बाहेर गेल्यावर, तिने त्याच्या मोबाइलवरून जहाजाच्या साहेबाला फोन लावला. तिचं शिक्षण सातवी. साहेबाशी काय बोलायचं ते तिने समूच्या डोस कार्डाच्या मागे लिहून काढलेलं. साहेब मराठी निघाले, आवाज तरुण, बोलणं गोड.

“बोला मॅडम. सुदेशची तब्येत बरी आहे ना?”

“साहेब, ह्यांच्या जागी ड्यूटीला कोण उभं आहे?”

“एक मिनिट.” कागद उलटल्याचा आवाज आला. “दौलत म्हणून आहे. काळजी करू नका, तो रोज वेळेवर असतो. रजिस्टरला रोज सही आहे.”

“कसा दिसतो तो?”

“म्हणजे?”

“उंच आहे, बुटका आहे, काळा, गोरा? तुमचा माणूस आहे ना? बघितला असेल ना तुम्ही?”

पलीकडे पुन्हा कागद उलटला.

“मॅडम, माझ्याकडे रजिस्टर येतं,” साहेब म्हणाले. “माणूस येत नाही.”

कार्डामागे लिहिलेलं सगळं रुचिता विसरली. “मग एकदा जाऊन बघा ना, साहेब! आत्ता बारा वाजून गेलेत, आत्ता उभा असेल. त्या पोराला दोन वर्षं झाली. त्याला सुट्टी द्या. ह्यांचे उरलेले दिवस कापा, पुढच्या वर्षीची कापा, मी काही बोलणार नाही. पण त्याला सुट्टी द्या.”

“त्याने तसा अर्ज केलेला नाही, मॅडम.” आवाज तसाच गोड होता, पण आता त्यात घाई होती. “अर्ज आला की बघू.”

फोन ठेवायच्या आधी त्यांनी तो टेबलावर टाकला असावा, कारण तिला पुढचंही ऐकू आलं. खुर्ची सरकली, दार उघडलं, लोखंडी जिन्यावर बूट वाजत गेले. साहेब बघायला गेले होते. ती कान लावून बसली. बूट वर गेले, थांबले.

मग ते धावत परत आले, आणि फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला. दिवसभर लावला. उचलला नाही.

सुदेश त्या दिवशी साडेनऊला आत आला. त्याने कोणालाच ओळखलं नाही. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला तर हाताला मीठ लागलं. त्या देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. शिस्तीबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

७

गुरुवारी सासूबाई भजनी मंडळाबरोबर ठाण्याला गेल्या, टेंभी नाक्याच्या देवीला. जाताना म्हणाल्या, “ओटी भरून येते. माझं पोर मला परत दे म्हणून सांगते तिला.” रुचिताने मान हलवली. तिने काय ठरवलंय ते सांगितलं नाही.

साडेअकराला तिने समूला भरवून झोपवलं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना सुदेश उठला आणि बाहेर जाऊन फरशीवर उभा राहिला. रुचिता त्याच्या मागोमाग गेली. दार सताड उघडं ठेवलं. चपला घातल्या नाहीत. आणि जाऊन त्याच्या अगदी समोर उभी राहिली, नाकाला नाक लागेल इतकी.

“व्हा बाजूला,” ती म्हणाली. “मी आले.”

त्याचे डोळे तिच्यावर यायला वेळ लागला. आले तेव्हा त्यात ओळख होती, आणि भीती. “नको,” तो म्हणाला. “रुचे, नको.”

पण पाय त्याला न विचारताच सुटले. तो भिंतीला धरून बाजूला झाला आणि ती त्या फरशीवर गेली.

“आत जा. पोरीकडे बघा.”

तो आत गेला, पाळण्याशेजारी चटईवर आडवा झाला, आणि मिनिटभरात घोरायला लागला. आठ दिवसांत पहिल्यांदा तो घोरत होता. तो आवाज ऐकून तिचे डोळे भरून आले.

पाय तिचेच होते, फक्त आता तिचं ऐकत नव्हते. खाली गार पाणी होतं, घोट्याएवढं वाटत होतं, बघितलं तर फक्त ओल. जमीन सावकाश उचलली जायची आणि सावकाश खाली जायची. उघड्या दारातून घर दिसत होतं. पाळणा, दोरीवरची दुपटी, ओट्यावर झाकलेली भाजी. सात पावलांवर होतं. पण असं दिसत होतं, की मधे खूप पाणी आहे आणि घर पलीकडच्या काठावर आहे.

हे असं दिसतं होय, तिला वाटलं. हे असं दिसत असेल ह्यांना रोज.

आणि मग तिला सगळ्यांचाच राग आला. सुट्ट्या कापणाऱ्यांचा, सही करणाऱ्यांचा, हसणाऱ्या पोरांचा. अभिमान वाटायला पाहिजे म्हणणाऱ्या बायकांचा. त्या रागाने तिला गरम ठेवलं. तीन वाजले असतील, चार वाजले असतील. सुमतीकाकूंचं दार बंद होतं. कोणी आलं नाही.

मग खालच्या जिन्यात पावलं वाजली. ओली. एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी. मधल्या वळणावर येऊन ती थांबली.

८

कठड्यातून तिला तो दिसला. पाठमोरा. पांढरा गणवेश, निळी कॉलर, मानेवर चिकटलेले केस.

“वर ये,” रुचिता म्हणाली.  “तुझी वेळ कधीच झाली. ये वर.”

तो हलला नाही.

“ऐकू येत नाही का रे? मी बाई माणूस चार तास उभी आहे इथे! त्यांनी तुझं नाव मस्करीत लिहिलं, चुकलं त्यांचं, हजारदा चुकलं. पण माझ्या पोरीने काय केलंय तुझं?”

तेव्हा त्याने मान थोडीशी वळवली. तिला कान दिसला, जबडा दिसला, एक गाल. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचा, नुकती दाढी फुटलेला गाल. त्यावरून पाणी ओघळत नव्हतं. ते गालातूनच येत होतं, घाम येतो तसं, आणि थांबत नव्हतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागच्या उघड्या दाराकडे बघत होता. पाळण्याकडे, दुपट्यांकडे, झाकलेल्या भाजीकडे. ते बघणं तिने ओळखलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला सुट्टीच हवी होती. घरात यायचं होतं, कोणाच्याही.

त्या क्षणी तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून ती जास्त घाबरली.

मागून तळहातांचा आवाज आला. चट, चट, चट. समू उठलेली. पाळण्यातून कशी उतरली देव जाणे, उंबरा ओलांडून रांगत, आईच्या दिशेने, फरशीवर.

“समू, आत जा! अहो! अहो, उठा! उचला तिला!”

आतून घोरणं ऐकू येत होतं.

समू तिच्यापुढे आली. गाऊन दोन्ही मुठींत धरला. आणि आजवर कधी उठली नव्हती ती पोर, गुडघे थरथरत, एकेक पाय टेकवत, उभी राहिली. आईच्या अगदी समोर. वर तोंड करून हसली.

रुचिताचे पाय सुटले.

गारवा गेला, डुलणं थांबलं, बोटांत मुंग्या आल्या. पाय हलके, मोकळे, तिचे. दार सात पावलांवर होतं. आणि ते मोकळे का झाले, हे तिला त्याच क्षणी कळलं. आता तिच्या जागी लेक उभी होती.

खाली, वळणावर, पाणी ठिबकायचं थांबलं. तो ऐकत होता.

तिने वाकून समूला उचललं, दोन्ही पाय जमिनीपासून उंच, कडेवर घट्ट आवळून. पोरगी रडायला लागली. रुचिताने आपले मोकळे पाय बघितले. मग एकेक पाय मुद्दाम त्या ओल्या फरशीवर रोवला, पुन्हा, जोराने, खुंटा रोवावा तसा.

“ही नाही,” ती जिन्याकडे बघून म्हणाली. “तू नाही, तुझा साहेब नाही, तुमचं जहाज नाही. हिचं नाव कोणीही कुठेही लिहायचं नाही. मी सुटलेली नाही. ऐकलंस? मी उभी आहे.”

समू रडायची थांबली. आतलं घोरणंही थांबलं.

खालच्या जिन्यात एक ओलं पाऊल उचललं गेलं. ते तिला सोडवायला वर येणार की तिला तिथेच ठेवून खाली जाणार, हे कळायला दुसरं पाऊल पडायला हवं होतं. रुचिता लेकीचे पाय मुठीत धरून उभी राहिली.